खटक्याचा चाकू

शीला,

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला लावलं. केंद्रप्रमुखांनी नाव पुकारलं, मी उठले, माईकपाशी गेले. समोर आपल्या शाळांचे शिक्षक, तुझ्या वस्तीतली माणसं आणि अगदी पुढं, सतरंजीवर, तुझी आई. मी म्हणाले, "शीलाबाई अतिशय मनमिळाऊ होत्या." आणि खाली बसले. तू मनमिळाऊ कधीच नव्हतीस. तू भांडखोर होतीस, आणि पंधरा वर्षं सगळ्यांत जास्त भांडलीस ती माझ्याशी. पण मला जे बोलायचं होतं ते त्या मंडपात बोलता येण्यासारखं नव्हतं. एका चाकूबद्दल होतं ते. मयतीनंतर चाकूबद्दल कोण बोलतं?

म्हणून आता लिहून राह्यले. तू माझ्या शुद्धलेखनाच्या चुका काढायचीस. आता काढ.

आपण दोघी वाडीच्या शाळेत एकाच आठवड्यात रुजू झालो होतो. दोन खोल्यांची शाळा, चार वर्ग, शिक्षक दोन, दोघी बायाच. जाफराबादहून जीपमध्ये दाटीवाटीनं बसायचं, फाट्यावर उतरायचं आणि तिथून साडेतीन किलोमीटर पायी. दोन्ही बाजूंना पिकं. ज्वारी डोक्याच्या वर गेली की त्या वाटेवर पुढचं माणूस दिसायचं नाही. तुला नवऱ्यानं नांदवलं नव्हतं, तू आईजवळ राहत होतीस. माझं नुकतंच लग्न झालेलं. पहिल्या दिवशी तू मला विचारलंस, "तुम्हाला चालायची सवय हाय का?" मी म्हणाले, "न्हाई." तू म्हणालीस, "मंग लागंल. जल्दी लागंल." आठ दिवसांत तू मला 'तुम्ही' म्हणायचं सोडलंस आणि 'उषे' म्हणायला लागलीस. माझ्या माहेरीसुद्धा मला कोणी तसं म्हणत नव्हतं.

मग तो माणूस यायला लागला. ओढ्यावरच्या मोरीवर बसलेला असायचा. आपण पुढं गेलो की उठायचा आणि वीसेक पावलं अंतर ठेवून मागं यायचा. बोलायचा नाही, काही नाही. आपण थांबलो की थांबायचा. आठवड्यातून दोनदा, मग तीनदा. एक दिवस त्यानं मागून येऊन तुझी पिशवी धरली. तू वळून इतक्या जोरात ओरडलीस की ज्वारीतली पाखरं उठली. तो हसला, पिशवी सोडली आणि पुन्हा वीस पावलं मागं जाऊन उभा राहिला. आपण गावात सांगितलं. सरपंच म्हणाले, तो आपल्या गावचा न्हाई, आम्ही काय करणार. मी घरी सांगितलं. आमच्या घरच्यांनी नोकरी सोडायची गोष्ट काढली, म्हणून मी पुन्हा कधी सांगितलं नाही.

तू म्हणालीस, "बाजाराच्या दिवशी चाकू घेऊ. दोघींना दोन."

मला ते हसण्यावारी न्यावंसं वाटलं. पण तू बाजाराच्या दिवशी शाळा सुटल्यावर मला सरळ त्या चाचांच्या पोत्यापाशी घेऊन गेलीस. विळे, खुरपी, अडकित्ते, कात्र्या मांडून ते पांढऱ्या दाढीचे चाचा बसलेले. तू उकिडवी बसलीस. मी उभीच राहिले.

"चाकू पाहिजे," तू म्हणालीस. "घडीचा."

"भाजी के वास्ते?"

"न्हाई. जवळ ठेवायला. रोज."

चाचांनी तुझ्याकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि काही न विचारता मागच्या डब्यातून तीन चाकू काढून पोत्यावर ठेवले. एक लाकडी मुठीचा, चांगला जाड, पातं मिटून आत गेलेलं आणि मुठीच्या पाठीवर पितळेचा खटका. एक पांढऱ्या प्लास्टिकच्या मुठीचा, लहान, घराघरात फळं कापायला असतो तसला. आणि एक लाल, त्यातून चमचा, बूच काढायचं, कान कोरायचं असं काय काय निघत होतं.

तू लाल आधी बाजूला सारलास. "यात सगळं हाय, चाकू तेवढा न्हाई."

चाचा हसले. मग खटक्याचा उचलून म्हणाले, "बाई, ये देखो. अंगठेसे सरकाया, खुल गया. अब कित्ता बी जोर लगाव, बंद नै होता. जब खटका दबाते तबीच होता." मग पांढरा. "इसकू दो हात लगते. इधर खाच है, उसमें नाखून डालके खींचना. और इसकू खटका नै. उलटा जोर पड्या तो पातं आपकेच उंगली पे."

तू खटक्याचा हातात घेतलास. डाव्या हातात पिशवी तशीच ठेवून उजव्या अंगठ्यानं पातं उघडलंस. मिटवलंस. पुन्हा उघडलंस. प्रत्येक वेळी असा कडक आवाज व्हायचा आणि शेजारच्या शेंगावाल्यापाशी उभी असलेली माणसं वळून बघायची. त्यांत आपल्या शाळेतल्या एका मुलीचा बाप होता. 

मी तुला हाताला धरून बाजूला नेलं. तिथं काय काय बोलणं झालं ते सगळं मला आठवतं. या महिन्याभरात तर इतक्या वेळा आठवलंय की आता त्यातला एक शब्द इकडचा तिकडं होणार नाही.

मी म्हणाले, "पांढरा घे. हे असलं गुंडाचं हत्यार पर्समधून निघालं तर लोक काय म्हणतील? मास्तरणी आहोत आपण."

"उषे, चाकू लागंल तवा माझा दुसरा हात रिकामा असंल का? त्या हातात एक तर पिशवी असंल, न्हाई तर तो त्यानं धरलेला असंल. नखानं काय वढत बसू?"

"पांढरा दिसायला तरी बरा आहे. पेरू कापायला ठेवलाय म्हणता येतं."

"मला पेरू न्हाई कापायचा."

"शीला, तो माणूस नुस्ता मागं येतो. कुणी आरडाओरडा केला की पळून जाईल."

तेव्हा तू माझ्याकडं सरळ बघितलंस. आवाज चढवला नाहीस. "तू ओरडली तर चार माणसं धावतील. तुमच्या भावकीची शेतं हायेत त्या शिवारात. मी ओरडले त्या दिवशी कोण आलं? तू सोबत होती म्हणून त्यानं पिशवी सोडली. मी एकली असते तर? कोण धावतंय माझ्यासाठी, हे मला रानात उभं राहून बघायचं न्हाई."

मी तुझा हात सोडला.  म्हणाले, "तू तो घेणार असशील तर उद्यापासून मी तुझ्याबरोबर चालणार न्हाई. मी मागच्या जीपनं येत जाईन."

शीला, हे वाक्य मी बोलले. त्यानंतरच्या एवढ्या वर्षांत आपण दोघींनीही ते पुन्हा कधी काढलं नाही. तू मनातून काढून टाकलं होतंस की तसंच ठेवलं होतंस, मला माहीत नाही. त्या वाटेवर एकटीनं चालायला लागणं म्हणजे तुझ्यासाठी काय होतं, हे मला पुरतं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच मी ते बोलले.

तू परत जाऊन खटक्याचा चाकू पोत्यावर ठेवलास. दोन पांढरे घेतलेस. चाचा म्हणाले, "मर्जी आपकी. पर इसकू तेल देते रहना बाई, नै तो पातं जाम होता."

तो माणूस पुढं दिसेनासा झाला. ज्वारी सोंगून नेली, वाट मोकळी झाली, आणि तो कुठं गेला कोण जाणे. चाकू कधी काढायची वेळच आली नाही. मी तुला किती वेळा म्हणाले असेन, "बघ, माझंच खरं ठरलं की न्हाई? कशाला लागतो तो गुंडांचा चाकू?" तू म्हणायचीस, "तुझंच खरं, बाई." मी त्याला माझा विजय समजायची.

आणि तरी मला हेही सांगू दे की त्या पांढऱ्या चाकूंनी आपल्याला केवढे दिवस दिले. साडीला खिसा नसतो म्हणून तू परकराला आतून खिसा शिवून घेतलास, बटण लावलेला, आणि चाकू कायम तिथं. मी हसायची, "चोरखिसा." माझा पर्समधल्या कंपासपेटीत, खडू आणि करकटकाच्या शेजारी. मुलांच्या पेन्सिलींना टोकं करायचीस तू, एका वेळेला वीस-वीस, आणि प्रत्येक टोक असं की बाजारातल्या शार्पनरनं लाजावं. तांदळाच्या पोत्यांची शिवण तू एका ओढीत उसवायचीस. एकदा एका मुलीच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता. तू पात्याचं टोक चुलीवर तापवलंस, तिला सतराचा पाढा म्हणायला लावलास आणि एकशे दोनला पोचायच्या आत काटा बाहेर. ती मुलगी रडायचंच विसरली. मी दारात उभी राहून बघत होते. असं काही मला कधीच जमणार नाही हे मला तेव्हा कळलं, आणि त्याचं वाईटही वाटलं नाही, कारण तू होतीस.

शनिवारी सकाळची शाळा सुटली की तू दोन्ही चाकू घेऊन पायरीवर बसायचीस. शिलाई मशीनच्या तेलाची ती चपटी कुपी. थेंबभर सांध्यात, मग चिंधीनं पातं पुसायचं. माझा चाकूही तूच पुसायचीस. "तुझ्यानं व्हायचं न्हाई," म्हणायचीस. एका शनिवारी सुतळी कापताना पातं मिटून तुझ्या बोटावर आलं. चांगलं खोल. तू बोट तोंडात धरून माझ्याकडं नुसतं बघितलंस. मी म्हणाले, "नीट धरायचा ना." तू म्हणालीस, "हं. माझंच चुकलं." तो व्रण राहिला. हजेरी मांडताना तुझं बोट वहीवरून फिरायचं तेव्हा तो मला दिसायचा.

दुसरंही एक सांगायचं राहिलंय. आमच्या घरी तू एकूण तीन वेळा आलीस. तिन्ही वेळा सासूबाईंनी तुला चहा त्या वेगळ्या पेल्यात दिला. मागच्या दाराच्या कोनाड्यात असायचा तो. तू प्यायलीस, उठून स्वतः विसळलास आणि बरोबर त्या कोनाड्यात नेऊन ठेवलास. तुला कुणी जागा दाखवली नव्हती. मी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होते. मला बोलता आलं असतं. सासूबाई काही वाघ नव्हत्या. तिसऱ्या वेळेनंतर तू आमच्याकडं आली नाहीस आणि मी कधी 'चल' म्हणाले नाही. तुझ्या घरी मात्र मी किती वेळा जेवले. तुझ्या आईनं तव्यावरची भाकरी थेट माझ्या ताटात टाकायची, वर शेंगदाण्याची चटणी, कच्चं तेल. आणि घरी येऊन मी सांगायची, आज शाळेतच खाल्लं. तुला हे माहीत होतं का? मला वाटतं, होतं. तू तरी एवढी भांडायचीस, पगारवाढीवरून, हजेरीपटावरून, माझ्या अक्षरावरून. या एका गोष्टीवरून कधी भांडली नाहीस. मी वाट बघत होते की तू भांडशील. तू भांडली असतीस तर मला माफी मागता आली असती. हे माझं म्हणणं किती लाजिरवाणं आहे, ते लिहिल्यावर कळतंय.

मग बदल्या झाल्या. तुझी शाळा अलीकडं, माझी चार किलोमीटर पुढं, पण रस्ता एकच. मी मोपेड घेतली. तुला सकाळी घ्यायचं, शाळेपाशी सोडायचं, संध्याकाळी परत. शनिवारची तेलाची कुपी मात्र बंद झाली. दोघींच्या शाळा वेगळ्या, सुटायच्या वेळा मागंपुढं. माझा चाकू कंपासपेटीत पडून होता. वर्ष झालं असेल मी तो उघडला नव्हता.

त्या दिवशी तालुक्याला प्रशिक्षण होतं. दिवाळीच्या आधीचं, कडक उन्हाचं. तू नवी साडी नेसली होतीस, जांभळी, ती सुळसुळीत जातीची. मी म्हणालेही, "काय, आज कुणाला बघायला जायचंय?" तर म्हणालीस, "साहेब लोकांत बसायचं तर जरा बरं दिसावं." परत येताना ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून तू पदर डोक्यावरून घेऊन गळ्याभोवती दोन वेढे देऊन गुंडाळलास. धुळीपासून सगळ्याच बाया तसं करतात. मीही करते. तू मागं एका बाजूला बसलीस. रोज मी निघताना म्हणायची, "पदर बघ." त्या दिवशी म्हणाले का? शीला, मला आठवत नाही. बाकी सगळं आठवतं आणि एवढंच आठवत नाही.

तू त्या प्रशिक्षण द्यायला आलेल्या साहेबांची नक्कल करून राह्यली होतीस. ते प्रत्येक वाक्याला 'म्हणजे थोडक्यात' म्हणायचे आणि मग पाऊण तास बोलायचे. तू त्यांच्या आवाजात म्हणालीस, "म्हणजे थोडक्यात, उषाताई, खड्डा चुकवा." आणि स्वतःच इतकी हसायला लागलीस की गाडी डुलायला लागली. मी ओरडले, "हसू नको गं, गाडी हलती!"

हे माझे तुझ्याशी बोललेले शेवटचे शब्द. हसू नको.

मग मागून ओढल्यासारखं झालं. मला वाटलं टायर गेलं. गाडी तिरपी झाली, आपण दोघी डाव्या बाजूला पडलो. मला गुडघ्याला लागलं, ते काही विशेष नव्हतं. उठून बघते तर तू चाकाला टेकलेली, मान मागं खेचलेली. पदर चाकात आणि साखळीत असा गेला होता की गळ्याशी बोटसुद्धा शिरत नव्हतं. मी चाक उलटं फिरवायला बघितलं. हललं नाही. मी पदर ओढला, दातांनी तोडायला बघितला. तसलं कापड दातांनी तुटत नाही.

तेव्हा मला चाकू आठवला.

तुझा तुझ्यापाशीच होता, पण साडीच्या आत, बटण लावलेल्या खिशात, आणि त्या कुशीवरच तू पडली होतीस. माझी पर्स रस्त्याच्या कडेला उडाली होती. मी धावले. पर्स उघडली, कंपासपेटी काढली, तिचं झाकण अडकलं, ते दगडावर आपटून उघडलं, चाकू काढला. धावत तुझ्यापाशी आले. खाचेत नख घातलं आणि ओढलं. पातं हललं नाही. हात घामानं निसरडे झालेले. पदराला हात पुसले, पुन्हा ओढलं. नख मुळातून उलटं झालं. पातं जाम झालं होतं. मी तो दातांत धरला. मी तो दगडावर ठोकला. मी आणखी काय काय केलं, शीला, आणि त्या सगळ्या वेळात मी तोंडातून आवाज काढला नाही. एक हाकसुद्धा मारली नाही. माझं सगळं लक्ष त्या चाकूत होतं.

शेजारच्या रानात सोयाबीनची सोंगणी चालू होती. बांधावर बोरीचं झुडूप होतं म्हणून दिसत नव्हतं एवढंच. सहा-सात माणसं होती आणि प्रत्येकाच्या हातात विळा. शेवटी मी ओरडले तेव्हा ती धावली. तू म्हणाली होतीस ना, धावतील. एकानं विळा घातला आणि पदर एका झटक्यात तुटला. त्याला काही म्हणजे काही वेळ लागला नाही.

पण मी उशिरा ओरडले.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, मान मागं हिसकली गेली तेव्हाच बरंच काही झालं असणार, तुम्ही काही करू शकला नसता. लोकही हेच सांगतात. आमचे हे सांगतात. केंद्रप्रमुख सांगतात. सगळे चांगल्या मनानं सांगतात. मी मान हलवते. आणि मग स्वयंपाक करता करता, वर्गात फळ्यावर तारीख लिहिता लिहिता, माझं मन पुन्हा तिथंच. खटक्याचा असता तर? अंगठ्यानं सरकवला आणि उघडला, एवढंच. नाही तर कुठलाच चाकू नसता तर? मग मी लगेच ओरडले असते. हा असा एकच चाकू होता की जो जवळ असूनही नव्हता, आणि तो मी निवडला होता, तुझ्यासाठीही आणि माझ्यासाठीही, लोकांना बरा दिसावा म्हणून. किती मिनिटं गेली? मी स्वयंपाकघरातल्या घड्याळासमोर उभी राहून सगळ्या हालचाली करून बघितल्या आहेत. पर्स, पेटी, झाकण, नख. लेकीनं बघितलं आणि ती घाबरली. आता करत नाही.

चाकू कुठं आहे मला ठाऊक नाही. कुणी उचलला, की तिथंच पडला. मी शोधला नाही.

तुझ्या आईकडं मी दर रविवारी जात होते. पहिल्या रविवारी त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. चार दिवस पाण्याशिवाय काही घेतलं नव्हतं, शेजारणी सांगत होत्या. मला बघून म्हणाल्या, "उषा, तू व्हतीस तिच्यापाशी. मला एकच सांग. लई वेळ लागला का तिला?"

मी म्हणाले, "न्हाई आई. पडली आणि गेली. तिला काहीच कळलं न्हाई."

"खरं?"

"तुमची शपथ."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, "मंग बरं झालं. तरास न्हाई झाला." आणि शेजारणीनं आणलेल्या ताटातला भाताचा एक घास त्यांनी तोंडात घातला. त्या क्षणी मला वाटलं, एवढं एक तरी मी नीट केलं.

पुढच्या रविवारी पुन्हा विचारलं. त्याच्या पुढच्याही. दर वेळी जरा वेगळ्या शब्दांत. काही म्हणाली का? डोळे उघडे व्हते का? मला हाक मारली का? मी दर वेळी तेच सांगितलं. पडली आणि गेली.

खरं तुला ठाऊक आहे. तुला कळत होतं, शीला. मी चाकूशी झटत होते तेव्हा तुझा हात आला आणि माझं मनगट धरलं. एवढ्या जोरात धरलंस की तुझी नखं आत रुतली. तू माझ्याकडं बघत होतीस. मला थांबवत होतीस, की घाई कर म्हणत होतीस, की नुसतं धरलं होतंस? मी त्या वेळी काय केलं ते सांगते. मी हात सोडवून घेतला. चाकू उघडायला मला दोन्ही हात लागत होते.

गेल्या रविवारी उकडत होतं. मी लांब बाह्यांचं पोलकं घालायला लागले आहे. त्या दिवशी हात धुताना बाही वर सारली आणि खाली घ्यायची विसरले. तुझ्या आईंनी माझा हात धरला आणि उजेडाकडं केला. चार खुणा आहेत, चंद्रकोरीसारख्या, खपली पडून आता तांबूस झालेल्या.

"हे काय लागलं?"

"गाडीवरून पडले ना आई, त्या दिवशी. खडीचं असंल."

 आपल्या हाताची चार बोटं त्यांनी त्या चार खुणांवर ठेवली. एकेक करून, हलकेच, जसं आपण पहिलीच्या मुलांना मणी मोजायला शिकवतो तसं. बराबर बसली. तशीच बोटं ठेवून त्या बसून राहिल्या. मी त्यांच्या तोंडाकडं बघितलं नाही. बघूच शकले नाही. बाहेर कुणी तरी हापशावर पाणी भरत होतं, त्याचा आवाज येत होता.

मग त्यांनी माझी बाही खाली ओढली, मनगटापर्यंत नीट केली आणि म्हणाल्या, "ऊन लई हाय. उतरल्यावर जा."

त्या दिवशी त्यांनी मला काहीही विचारलं नाही. मी निघाले तेव्हा त्या दारापर्यंत आल्या नाहीत.

आज रविवार आहे. ऊन केव्हाच उतरलं. मी गेले नाही.